बाइकचा जीपीएस ट्रॅकर सारखा ऑफलाइन जातो, बॅटरीही बसते: दोष कुठे शोधायचा आणि स्वस्तातला नवा घ्यायचा तर कोणता

अ‍ॅपमध्ये गाडीचं चिन्ह करडं पडलेलं, खाली ‘ऑफलाइन’ आणि शेवटचं ठिकाण कालच्या संध्याकाळचं. ट्रॅकर काढून परत बसवला, रिचार्ज मारला, चार दिवस बरा चालला, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसरी तक्रार याच्या उलटी असते. ट्रॅकर नीट चालतो, पण शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी सेल्फ नुसता ‘कट-कट’ करतो. दुचाकीवरच्या स्वस्त ट्रॅकरची रडगाणी बहुतेक या दोनच सुरांत असतात, आणि दोन्हींचं मूळ डबीपेक्षा तिला मिळणाऱ्या विजेत, सिममध्ये किंवा बसवलेल्या जागेत सापडतं. नवा घेण्याआधी जुन्याचं निदान करून घ्या, नाहीतर तेच दुखणं नव्या डबीला लागेल.

कधी जातो ते आधी बघा

अ‍ॅपमधला मागच्या आठवड्याचा मार्ग उघडा आणि तुटलेल्या जागांच्या वेळा कागदावर लिहा. एवढ्यावर निम्मं निदान होतं.

रोज सकाळी सेल्फ मारल्यावर दोन-तीन मिनिटं गायब आणि मग आपोआप हजर, असं असेल तर ट्रॅकरच्या आतला छोटा लिथियम सेल मेलेला आहे. सेल्फ मारताना गाडीच्या बॅटरीचा दाब १० व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली घसरतो. तेवढा क्षण आतला सेल सांभाळून नेतो. तो संपला असेल तर ट्रॅकर बंद पडून पहिल्यापासून सुरू होतो, नेटवर्क शोधतो, उपग्रह शोधतो. सीटखालच्या उन्हाळी उष्णतेत हे सेल दीड-दोन वर्षांत फुगतात. डबीचं झाकण उचललेलं दिसलं तर ती वापरणं थांबवा, दाबून बसवू नका.

खड्ड्यात गाडी आदळली की ‘पॉवर कट’चा इशारा येत असेल तर फ्यूज होल्डर किंवा बॅटरीच्या टर्मिनलवरचं थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) ढिलं आहे. दर अठ्ठावीस दिवसांनी जात असेल तर रिचार्ज. गाडी धुतल्यावर किंवा पावसानंतर जात असेल तर पाणी. नाशिकहून पेठ, सुरगाणा, हरसूलच्या रस्त्यावर जात असेल आणि गावात परतल्यावर नकाशावरची रेघ मागून भरून येत असेल, तर तो दोष नव्हेच. नेटवर्क नसताना ट्रॅकरने नोंदी साठवल्या आणि मिळाल्यावर पाठवल्या, म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं. रेघ भरून येतच नसेल तर त्या ट्रॅकरला साठवणच नाही. ही गोष्ट खरेदीच्या वेळी विचारायची.

ट्रॅकरलाच विचारा

बाजारातले बरेचसे स्वस्त ट्रॅकर जीटी०६ या घराण्यातले किंवा त्याची नक्कल असतात. त्यांच्यातल्या सिमच्या नंबरवर एसएमएस पाठवून विचारता येतं. आदेश इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता आणि शेवटी # देऊन लिहायचा. पहिला आदेश ‘स्टेटस#’. उत्तरात आतल्या सेलचा दाब, जीपीआरएसची स्थिती, जीएसएम सिग्नल, जीपीएस आणि एसीसी, म्हणजे चावी चालू आहे की बंद, एवढं येतं.

उत्तर आलंच नाही, तर सिम बंद, सिम हललेलं किंवा ट्रॅकरला वीज नाही. उत्तर आलं आणि जीपीआरएस ‘लिंक डाउन’ असेल, तर इंटरनेटचा मामला: एपीएन (सिमकंपनीच्या इंटरनेटचं नाव) चुकलेलं किंवा डेटा संपलेला. ‘लिंक अप’ असूनही अ‍ॅप ऑफलाइन दाखवत असेल, तर गाडीला हात लावू नका. दोष सर्व्हरकडे आहे. अ‍ॅपची वार्षिक मुदत संपली असेल, नाहीतर कंपनीने सर्व्हरचा पत्ता बदललेला असेल. ‘परम#’ (इंग्रजीत पी, ए, आर, ए, एम) पाठवलं की सध्या कोणता पत्ता भरलेला आहे ते कळतं. विक्रेत्याकडून नवा पत्ता आणि पोर्ट घेऊन ताडून पाहा.

एक अपवाद लक्षात ठेवा. विक्रेत्याने ट्रॅकरसोबत दिलेलं सिम १३ अंकी नंबरचं असेल तर ते यंत्रांसाठीचं एम-टू-एम सिम आहे. त्यावर एसएमएस आणि कॉल ठरावीक नंबरांपुरतेच चालतात. तुमच्या एसएमएसला उत्तर न येणं हा तिथे बिघाड नव्हे. अशा वेळी विक्रेत्यालाच त्याच्या बाजूने आदेश पाठवायला सांगा.

वेळ साडेपाच तास मागे दिसत असेल तर ट्रॅकर जागतिक वेळेवर आहे. ‘जीएमटी,ई,५,३०#’ पाठवलं की ठीक होतं. अंकही इंग्रजीच.

सिम

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. टूजी ट्रॅकरमध्ये जिओचं सिम कधीच चालणार नाही, कारण जिओचं टूजी नेटवर्कच नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल घ्यावं लागतं. एपीएन एअरटेलला ‘एअरटेलजीपीआरएस.कॉम’, जिओला ‘जिओनेट’, बीएसएनएलला ‘बीएसएनएलनेट’. फोन ते आपोआप भरतो, ट्रॅकर बहुधा भरत नाही. सिम बदललं आणि एपीएन जुनंच राहिलं, की एसएमएसला उत्तर येतं पण अ‍ॅप मेलेलं राहतं.

सिम ट्रॅकरमध्ये घालण्याआधी फोनमध्ये घालून तीन गोष्टी करा: सिमचा पिन लॉक काढा, एक एसएमएस बाहेर जातो का बघा आणि वायफाय बंद करून एखादं पान उघडा. एसएमएस जात नसेल तर पॅकमध्ये एसएमएस आहेत का ते पाहा.

डेटा किती लागतो याची भीती अनाठायी आहे. एक नोंद शे-दीडशे बाइटची. दर १० सेकंदांनी चोवीस तास पाठवत राहिला तरी दिवसाला ८,६४० नोंदी, म्हणजे सव्वा एमबीच्या आसपास, महिन्याला चाळीस एमबीच्या आत. रोज दीड जीबीचा पॅक ट्रॅकरला घालणं म्हणजे चहाच्या कपात टँकर रिकामा करणं. मुदत जास्त आणि डेटा कमी असा पॅक शोधा.

नॅनो सिमला प्लॅस्टिकची चौकट लावून मोठ्या खाचेत बसवलं असेल तर ते हादऱ्यांनी सरकतं. सिंगल सिलिंडर इंजिनवर हे हमखास होतं. कंपनीकडून योग्य मापाचं सिम घ्या. ते होईपर्यंत सिमच्या पाठीवर कागदी टेपचा एक थर लावा म्हणजे घट्ट बसेल. टेप सोनेरी पट्ट्यांवर येऊ द्यायची नाही.

बॅटरी बसते: चोर सापडतो नारिंगी वायरमध्ये

जीटी०६ प्रकारात सहसा चार वायरी असतात. लाल बॅटरीच्या धन टोकाला, काळी ऋण टोकाला, नारिंगी चावीमागच्या विजेला (चावी फिरवल्यावरच येणाऱ्या) आणि पिवळी इंजिन बंद करणाऱ्या रिलेसाठी. रंग कंपनीगणिक बदलू शकतात, पत्रक बघूनच जोडा. नारिंगी वायर ट्रॅकरला सांगते की गाडी चालू आहे की उभी. चावी बंद झाली की काही मिनिटांत तो झोपतो. घाईत बसवणारा वायरमन लाल आणि नारिंगी एकत्र पिळून बॅटरीला लावतो, काम पाच मिनिटांत होतं, अ‍ॅपही सुरू होतं. ट्रॅकरला मात्र गाडी चोवीस तास चालूच वाटते आणि तो झोपतच नाही.

हिशोब असा. जागा ट्रॅकर साधारण ४० मिलिअँपिअर ओढतो असं धरू. दिवसाचे ०.९६, म्हणजे जवळजवळ १ अँपिअर-अवर. स्प्लेंडरसारख्या गाडीची ३ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत रिकामी, आणि सेल्फ तर दुसऱ्याच दिवशी नाही म्हणणार. तोच ट्रॅकर झोपला आणि ५ मिलिअँपिअरवर आला, तर दिवसाला ०.१२. निम्मी बॅटरी उतरायला बारा दिवस लागतील. ८ अँपिअर-अवरची बॅटरी असलेल्या बुलेट किंवा पल्सरसारख्या गाड्यांत हा दोष महिनोन्‌महिने झाकलेला राहतो आणि निफाडची थंडी पडली की उघडा पडतो, कारण गारठ्यात बॅटरीची ताकद कमी होते आणि घट्ट झालेलं ऑइल सेल्फकडून जास्त जोर मागतं.

तपासणीला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी सुई बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल सुई नारिंगी वायरीच्या जोडाला. चावी चालू असताना १२ च्या वर आणि बंद केल्यावर शून्य यायला हवं. बंद असतानाही १२ येत असेल तर चोर सापडला. दोन्ही वेळा शून्य येत असेल तर वायर तुटलेली किंवा नुसती लोंबकळत ठेवलेली आहे.

चावीमागची वीज घ्यायला बहुतेक गाड्यांत हॉर्नची धन वायर किंवा मागच्या ब्रेक स्विचला येणारी वायर सोयीची. घेण्याआधी मीटरने खात्री करा. हेडलाइटच्या वायरीला हात लावू नका. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत हेडलाइट कायम पेटता असतो, पण अनेकांत तो इंजिन सुरू झाल्यावरच लागतो. चावी फिरवली तरी इंजिन सुरू होईपर्यंत त्या वायरीवरून ट्रॅकरला काहीच कळणार नाही.

ट्रॅकर खरंच झोपतो का, हे मोजायचं तर मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा, चावी बंद करा, ऋण टोकाची वायर सोडवा आणि मीटर त्या दोघांच्या मध्ये जोडा. दहा मिनिटं थांबा. मग आकडा वाचा, ट्रॅकरचा फ्यूज काढा, पुन्हा वाचा. दोन आकड्यांतला फरक ट्रॅकरचा. १० मिलिअँपिअरच्या वर असेल तर तो झोपत नाहीये. मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही आणि सेल्फ तर अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. बॅटरी सोडताना आधी ऋण टोक, जोडताना ते शेवटी.

नारिंगी वायर बरोबर असूनही झोपत नसेल तर कंपनाच्या सेन्सरकडे वळा. महामार्गालगत उभी केलेली गाडी प्रत्येक ट्रकगणिक थरथरते आणि ट्रॅकर दर वेळी दचकून उठतो. संवेदनशीलता एक पायरी कमी करा.

आणि कधीकधी ट्रॅकर बिचारा निर्दोष असतो. तासभर बंद ठेवलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट हवेत, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू करून रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १३ च्या वर जातच नसेल तर चार्जिंगमध्ये दोष आहे, आणि १५ च्या वर जात असेल तर रेक्टिफायर (चार्जिंगचा दाब आवरणारा भाग) आधी बदला, नाहीतर तो बॅटरी आणि ट्रॅकर दोघांना घेऊन जाईल. इंदिरानगर ते मुंबई नाका एवढीच रोजची फेरी असेल तर ठणठणीत बॅटरीही हळूहळू उतरते. आठवड्यातून एकदा तिला अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्या.

जोडणी करताना १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वितभर अंतरावर हवा. ट्रॅकरजवळ लावलेला फ्यूज ट्रॅकरला वाचवतो, पण मधली वायर सीटखाली घासून उघडी पडली तर गाडीला वाचवत नाही. वायरी नुसत्या पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असेल तर ती पहिल्या उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते. डाग देऊन वर हीट श्रिंक ट्यूब घाला.

गाडी घराखाली, नकाशावर नदीपलीकडे

गाडी गंगापूर रोडला उभी आणि अ‍ॅप मखमलाबाद दाखवतं. अशा वेळी ट्रॅकरला उपग्रह दिसत नाहीत आणि तो मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो आहे. अ‍ॅपमध्ये त्या नोंदीपुढे ‘एलबीएस’ लिहिलेलं असतं. टॉवरचा अंदाज शेकडो मीटर ते काही किलोमीटर चुकू शकतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये हे व्हायचंच. उघड्यावर होत असेल तर जागा चुकली आहे.

अँटेना म्हणजे डबीच्या एका बाजूला बसवलेली चिनी मातीची चपटी वडी. ती बाजू आकाशाकडे हवी, बहुतेक डब्यांवर तसं लिहिलेलं असतं. प्लॅस्टिक, रेक्झिन आणि फोममधून सिग्नल येतो, पत्र्यातून येत नाही. म्हणून टाकीखालची जागा लपवायला कितीही चांगली वाटली तरी बाद. सीटखाली किंवा मागच्या प्लॅस्टिक काउलमध्ये बसवा, इग्निशन कॉइल आणि रेक्टिफायरपासून लांब. सीटच्या तळाला पत्रा असेल तर सीटखालची जागाही गेली.

उघड्या आकाशाखाली पहिल्यांदा ठिकाण पकडायला अर्धा ते एक मिनिट लागतं, कारण उपग्रह आपल्या कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या चक्रात पाठवतो. भद्रकाली किंवा मेन रोडच्या बोळांत सिग्नल भिंतींवर आपटून येतो, तिथे वीस-तीस मीटरची चूक सोडून द्या. द्वारका ते मुंबई नाका या पट्ट्यात गाडी उड्डाणपुलावर आहे की खालच्या रस्त्यावर, हेही अ‍ॅपला कळत नाही. नकाशावर दोन्ही रेघा एकमेकींवर पडतात. ट्रॅकर बदलून यात फरक पडणार नाही.

पाणी

त्र्यंबक, इगतपुरीचा पाऊस आणि वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप, यांतला दुसरा जास्त घातक. आयपी६७ डबी अर्धा तास मीटरभर पाण्यात टिकते, पण पंपाच्या फवाऱ्याची हमी ती देत नाही. आयपी६५ ला सीटखाली बसवून भागतं. पाणी शिरतं ते झाकणापेक्षा वायरीच्या तोंडातून. म्हणून डबीतून निघालेली वायर आधी खाली झुकवून मग वर न्या, थेंब वळणावरून गळून जातील. जोडांवर हिरवी बुरशी दिसली तर तेवढा तुकडा कापून नवा जोड द्या, घासून उपयोग नाही.

नवा घ्यायचाच असेल तर

आता टूजी घेऊ नका, दोन-तीनशे रुपये वाचले तरी. कॅट-१ (यंत्रांसाठीचा कमी वेगाचा) फोरजी घ्या, आणि पत्रकावर बँड, म्हणजे नेटवर्कच्या लहरींचे पट्टे, ३, ५, ८ आणि ४० आहेत का ते बघा. परदेशी बाजारासाठी बनवलेले ऑनलाइन स्वस्तात मिळतात, पण त्यांचे बँड आपल्याकडे जुळत नाहीत. इनपुट ९ ते ३६ व्होल्ट तरी हवा, ९ ते ९० असेल तर उत्तम. चावीची वेगळी वायर नसलेला, नुसता लाल-काळा दोन वायरींचा ट्रॅकर ३ अँपिअर-अवरच्या गाडीला घेऊच नका.

किंमत तीन वर्षांची मोजा. समजा एक १,४०० रुपयांना आहे आणि अ‍ॅपची फी वर्षाला १,००० पहिल्या वर्षापासून. दुसरा २,४०० ला आहे, पण पहिलं वर्ष फुकट आणि पुढे ५००. सिम सोडून पहिला ४,४०० ला पडला, दुसरा ३,४०० ला. सर्व्हरचा पत्ता आपल्याला बदलता येतो का हेही विचारा. येत असेल तर उद्या कंपनीने गाशा गुंडाळला तरी डबी रद्दीत जात नाही. ट्रॅकार नावाची मुक्त सर्व्हर-प्रणाली जीटी०६ ची भाषा समजते, त्यासाठी पोर्ट ५०२३.

‘आरटीओला लागतो’ म्हणून कोणी एआयएस-१४० चा महाग संच गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा. तो नियम प्रवासी वाहतुकीच्या वाहनांचा आहे, दुचाकीला त्यातून सूट आहे. इंजिन बंद करणारा रिले स्वस्त संचात फुकट मिळतो, पण कसारा घाटाच्या उतारावर चुकून इंजिन बंद पडलं तर काय, याचा विचार करूनच तो जोडा. जोडलाच तर वेग २० च्या खाली आल्यावरच तोडतो असा घ्या. फोनशी जोडले जाणारे ब्लूटूथ टॅग स्वस्त असतात, पण त्यात जीपीएस नसतो. आजूबाजूच्या लोकांचे फोन त्यांचं ठिकाण कळवतात, आणि सोबत अनोळखी टॅग फिरतो आहे अशी सूचना चोराच्या फोनलाही जाऊ शकते.

रस्ता दाखवणारा जीपीएस हवा असेल तर ते वेगळं यंत्र, आणि स्वस्तात त्याला फोनच पुरतो. रबरी डॅम्पर असलेला होल्डर घ्या, इंजिनच्या कंपनांनी कॅमेऱ्याचा स्थिरक बिघडू शकतो, तसा इशारा अ‍ॅपलनेही २०२१ मध्ये दिला होता. नकाशात दुचाकीचाच पर्याय निवडा, नाहीतर तो इगतपुरीला तुम्हाला समृद्धीवर चढवायला बघेल आणि तिथे दुचाकीला बंदी आहे.

दुकानात पैसे देण्याआधी ट्रॅकर तुमच्याच सिमसह दुकानाबाहेर, उघड्यावर १२ व्होल्टला जोडायला सांगा. दोन मिनिटांत अ‍ॅपवर ठिकाण यायला हवं. मग लाल वायर काढा: ‘पॉवर कट’चा इशारा यायला हवा आणि आतल्या सेलवर ठिकाण येत राहायला हवं. शेवटी नारिंगी सोडून फक्त लाल-काळी जोडलेली ठेवा, दहा मिनिटं गप्पा मारा आणि विजेचा ओढा किती उरतो ते मीटरवर बघा. ‘घरी गेल्यावर होईल सुरू’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.